शुक्रवारच्या गटातलं अर्धं वाक्य

मिस्त्रीच्या घरी भरणाऱ्या शुक्रवारच्या गटाला नियम एकच होता, आणि तो मिस्त्रीनेच केला होता: इथलं इथेच. चर्चमधली पाच कुटुंबं संध्याकाळी त्याच्या बैठकीच्या खोलीत जमायची. आल्याआल्या सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जायचे, डब्याला झाकण लागायचं, पोरं आतल्या खोलीत पिटाळली जायची, आणि मग मोठी माणसं बोलायला लागायची. नवराबायकोची भांडणं, पोरांचे मार्क, नोकरीतली कटकट, काय वाट्टेल ते. शेवटी प्रार्थना आणि चहा.

मिस्त्री फरशा बसवायचा. हाताला इतका साफ, की चर्चच्या नव्या फरशीवर पाळकांनी पाणी ओतून पाहिलं तर ते बरोबर दाराकडे गेलं. त्याच पाळकांनी त्याला गटाचा पुढारी केलं तेव्हा तो आधी नाही म्हणाला आणि नंतर महिनाभर आरशासमोर बोलायचा सराव करत राहिला. बायको म्हणाली, "अहो, माणसं ऐकायला येणारेत, तुम्हाला बघायला नाही." पण गट खरंच छान जमला. माणसं रडली, हसली, पुन्हा आली. मिस्त्रीला त्याचा अभिमान वाटायला लागला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

गटात एक शिंपीणबाई होत्या. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर कायम बाहेर. घरात सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली सासू. म्हातारीची अंघोळ, औषधं, भरवणं, सगळं शिंपीणबाईच करायच्या, आणि उरलेल्या वेळात मशीन चालवायच्या. गटात त्या फारशा बोलत नसत. एका शुक्रवारी मात्र चहाचा कप हातात घेऊन खाली बघतच म्हणाल्या, "मी रोज प्रार्थना करते, देवा, यांना ने. आणि रोज पहाटे उठून त्यांच्या नाकाशी बोट धरते. श्वास लागला बोटाला, की मगच मला झोप येते."

मिस्त्रीची बायको उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. गटात एक लाँड्रीवाली होती, तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण ती सुरू झाली की बटण सापडत नसे. त्या दिवशी तीसुद्धा गप्प राहिली. नंतर तिने शिंपीणबाईंचा थंड झालेला चहा आत नेऊन गरम करून आणला.

पुढच्या आठवड्यात शनिवारी दुपारी पाळकांनी सगळ्या गटपुढाऱ्यांची बैठक बोलावली. फळ्यावर लिहिलं होतं: गट निरोगी आहे हे कशावरून ओळखायचं? बँकेतले साहेब म्हणाले, त्यांच्या गटात कोणी गैरहजर राहत नाही. शिवाय त्यांच्या गटात गिटार होती, आणि ते ती गोष्ट प्रत्येक बैठकीत सांगत. मिस्त्रीला हे साहेब पहिल्यापासून खुपत होते. त्याला राहवलं नाही.

"हजेरीचं सोडा," तो म्हणाला. "आमच्याकडे एका भगिनीने सगळ्यांसमोर सांगितलं, की अंथरुणाला खिळलेल्या सासूला देवाने न्यावं म्हणून ती रोज प्रार्थना करते. आणि एकानेही तिला नावं ठेवली नाहीत. याला म्हणायचं गट."

पाळकांनी फळ्यावर 'मोकळेपणा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. साहेबांची गिटार कुठल्या कुठे गेली. मिस्त्री घरी गेला तो जवळजवळ तरंगतच.

मी कोणाचं नाव घेतलं नाही, असं त्याने नंतर स्वतःला शंभर वेळा बजावलं. पण त्याच्या गटात अंथरुणाला खिळलेली सासू एकीलाच होती. मग नाव घ्यायचं राहिलं तरी काय होतं? आणि वाक्य त्याने निम्म्यावर तोडलं होतं. नाकाशी बोट धरायचं तो विसरला नव्हता. ते सांगितलं असतं तर जोर कमी झाला असता, म्हणून त्याने गाळलं. फरशी कोपऱ्यात बसत नसली की आपण जशी कापतो, तितक्या सहज.

बँकेच्या साहेबांचं मन वाईट नव्हतं. त्यांनी आपल्या गटात 'त्या भगिनीसाठी' प्रार्थना केली, डोळे मिटून, अगदी कळवळून. चर्चमध्ये बातमी अशीच फिरते, हात जोडून. त्या गटात शिंपीणबाईंच्या नणंदेची शेजारीण होती. मंगळवारी नणंद भावाच्या घरी आली आणि आईच्या अंथरुणाशी उभी राहून ओरडली, "आई, तू मरावीस म्हणून ही देवाला साकडं घालते! तेही सगळ्या चर्चसमोर!"

त्या दिवसापासून शिंपीणबाई भरवायला बसल्या की म्हातारी तोंड मिटून घ्यायची. नणंद दोन्ही वेळा कामावरून धावत यायची आणि ती भरवायची.

शुक्रवारी शिंपीणबाई गटात आल्या. आल्या हेच आश्चर्य. सुजलेले डोळे घेऊन त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि घडलेलं सगळं सांगून म्हणाल्या, "मला भांडायचं नाही. फक्त कोणी सांगितलं ते कळू दे."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. रेडिओ पांढरीफटक पडली.

"मी?" ती म्हणाली. "मी नाही बोलले... मला नाही आठवत बोलल्याचं." मग तिने डोक्याला हात लावला. "लाँड्रीत दिवसभर बायका येतात. माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलता बोलता निसटलंही असेल. निसटलं असेल हो. माझंच तोंड वाईट." आणि ती हमसून हमसून रडायला लागली. "मला माफ करा, ताई."

आता बोल, मिस्त्रीने स्वतःला सांगितलं. आता. सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण पुढारी तो. तो उठला, रेडिओपाशी गेला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याने प्रार्थना केली. "प्रभू, आमच्या या बहिणीच्या जिभेवर पहारा ठेव." सुंदर प्रार्थना झाली. सगळे आमेन म्हणाले. रेडिओ सगळ्यात मोठ्याने म्हणाली.

माणसं गेल्यावर बायको कप धूत होती. पाठमोरीच म्हणाली, "अहो, शनिवारच्या बैठकीत तुम्ही काय बोललात?"

"काही नाही. नेहमीचंच."

"बरं," ती म्हणाली, आणि एकच कप बराच वेळ धूत राहिली.

तो आठवडा मिस्त्रीला कसा गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक. एका दवाखान्याच्या मजल्याचं काम चालू होतं. फरशी बसली की तो हातोडीच्या दांड्याने ठोकून बघायचा. खाली सिमेंटचा माल नीट भरलेला नसेल तर आवाज पोकळ येतो, आणि तशी फरशी उचलावीच लागते, नाहीतर पुढेमागे पायाखाली फुटते. हे तो हाताखालच्या माणसांना वीस वर्षं सांगत आला होता. त्या आठवड्यात त्याला सगळ्याच फरशा पोकळ वाजायला लागल्या. चांगल्या बसलेल्या चार त्याने उखडल्या, तेव्हा बरोबरचा गवंडी म्हणाला, "मिस्त्री, घरी जा. तब्येत बरी नाही तुमची."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. नियम त्याने केला होता, मोडलाही त्यानेच, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी दिली तीही त्याच्याच हाताने. सांगावं तर पुढारीपण जातं, आणि न सांगावं तर डोक्यावर ठेवलेला तो हात जागेवरून हलत नाही. जेवताना त्याची नजर त्या हातावर जायची आणि त्याला स्वतःची शिसारी यायची.

पुढच्या शुक्रवारी रेडिओ आली आणि बोललीच नाही. फोन डब्यात टाकला, बसली. कोणी काही विचारलं तर हो किंवा नाही. पोरं आतल्या खोलीत जायच्या आधी दरवेळी तिच्याकडून एक गोष्ट ऐकायची. ती तिच्याभोवती जमली तेव्हा तिने मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. तिचा नवरा ओशाळून म्हणाला, "आठवडाभर असंच चाललंय. लाँड्रीत पाटी लावलीय, घसा बसलाय म्हणून. म्हणते, परत काही निसटायला नको."

एक लहान मुलगी म्हणाली, "मावशीला काय झालं?"

मिस्त्री उभा राहिला. आरशासमोर केलेला सराव काही कामाला आला नाही.

"रेडिओने काही सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "मी सांगितलं. पुढाऱ्यांच्या बैठकीत. आपला गट किती भारी आहे ते दाखवायला. आणि अर्धंच सांगितलं. बोट धरायचं मी गाळलं. मागच्या शुक्रवारी मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसलो."

त्याला वाटलं होतं, रेडिओ आता त्याच्या अंगावर धावून येईल. ती फक्त बघत राहिली. "म्हणजे मी नव्हते बोलले?" ती म्हणाली. आठवडाभर न वापरलेला आवाज खरखरीत झाला होता. "खरंच नव्हते ना?" मग नवऱ्याकडे वळून, "अहो, ऐकलंत का, मी नव्हते बोलले!" तिला इतका आनंद झाला होता, की मिस्त्रीला तिच्याकडे बघवेना. त्यापेक्षा तिने थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

शिंपीणबाई मात्र उठल्या. "दादा," त्या म्हणाल्या, "तुम्ही यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत. तो हात उचलला तरी कसा तुमचा?"

मिस्त्रीने तो हात पाठीमागे घेतला.

"चला माझ्या घरी. आत्ता. जे तोडलंत ते सासूबाईंना तुमच्या तोंडाने सांगा."

तो निघाला. मागून बायको म्हणाली, "जा. मुलांचं आणि चहाचं मी बघते." कप धूत होती त्या रात्रीनंतर ती पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून बोलली. रेडिओही बरोबर निघाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिला थांबवणार कोण?

शिंपीणबाईंचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत मशीन आणि कापडांचे ढीग, दुसरीत म्हातारी. नणंद वाटीत सूप घेऊन आईला भरवत होती. मिस्त्री पलंगापाशी गुडघ्यांवर बसला, फरशी बसवायला बसतो तसा, आणि त्याने सगळं सांगितलं. बैठक, फळा, गिटारवाले साहेब. मग शिंपीणबाईंचं वाक्य, या वेळी अख्खं.

नणंदेच्या हातातला चमचा तसाच राहिला. म्हातारी छताकडे बघत होती.

"नाकाशी बोट धरते," ती म्हणाली. "माहीत आहे मला. मी जागीच असते."

शिंपीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला.

"एकदा मी मुद्दाम श्वास रोखून धरला," म्हातारी म्हणाली. "म्हटलं, बघू तरी काय करते. इतकी रडली, की मलाच खोकला काढावा लागला." मग तिने मान वळवून मिस्त्रीकडे पाहिलं. "मला वाटलं, ते रडणं खोटं होतं. नाहीतर चार लोकांत असं कशी बोलेल? हे अर्धं तू तेव्हाच का नाही सांगितलंस, बाबा?"

"त्याने आमच्या गटाचं कौतुक झालं नसतं, आजी," मिस्त्री म्हणाला. दुसरं खरं उत्तर नव्हतंच.

"दहा दिवस मी हिच्या हातचं खाल्लं नाही," म्हातारी म्हणाली. त्याला माफ केलं, असं ती म्हणाली नाही. तिने लेकीच्या हातातला चमचा बाजूला सारला. "सूनबाई, तू ये. आणि येताना मीठ आण. हिने दहा दिवस मला अळणी पाजलंय."

मिस्त्री आणि रेडिओ बाहेर पडले. रस्त्यावरचे दिवे लागले होते. रेडिओ कोपऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मग थांबली आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मिस्त्री, हे तुमचं मी कोणाला सांगणार नाही हं. काळजी करू नका."

आणि तिने खरंच कोणाला सांगितलं नाही. लाँड्रीतली पाटी काढली, दिवसभर अखंड बोलत राहिली, पण त्यातला एक शब्द बाहेर पडला नाही. पुढच्या बैठकीत पाळकांसमोर आणि बँकेच्या साहेबांसमोर ते मिस्त्रीला स्वतःच सांगावं लागलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि या वेळी त्याने काही गाळलं नाही.