दोन पाळ्यांची वही

महाल भागातल्या एका मुलींच्या शाळेत जागा एवढीशी, म्हणून सातवीची एकच खोली सकाळी एका तुकडीला अन् दुपारी दुसरीला. दोन्ही पाळ्यांच्या मुली एकमेकींचं तोंडही पाहत नसत. १९७३ साली विज्ञानाच्या कुसुमताईंनी खिडकीच्या गजाला सुतळीनं एक वही बांधली. एका पाळीनं प्रश्न लिहायचा, दुसरीनं उत्तर. चुकलं तर कोणीही खोडावं अन् खाली आपलं लिहावं, पण नावानिशी. झालं, पोरी वहीवर तुटून पडल्या. भूगोलाच्या तासालाही डोळे खिडकीकडेच!

मुख्याध्यापक वामनरावांना हे सगळं थेर वाटे. तपासणीला येणारे साहेब नको म्हणाले तर वही बंद, असं त्यांनी बजावलं. कुसुमताईंची झोप उडाली. एवढी जमून आलेली गोष्ट एका शेऱ्यापायी जाणार होती.

आता तपासणी म्हटली की पक्की वही दाखवायची, ही मुलींच्या हाडीमाशी खिळलेली सवय. सकाळच्या मुलींनी बाईंना न सांगता रविवारी बसून सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं, समास आखले, कव्हर घातलं. अन् खोडलेलं तेवढं गाळलं. जुनी वही दिली कपाटात कोंबून.

सोमवारी सकाळी वामनरावांसोबत वर्गात आलेल्या साहेबांनी पक्की वही चाळली. औषधाला चूक नाही. "बाई, हे तुम्ही सांगितलं अन् पोरींनी उतरवलं," असं म्हणत त्यांनी शेरा लिहायला पेन उघडलं. कुसुमताई पेचात पडल्या. खरं सांगावं तर मुलींची लबाडी उघडी पडणार, गप्प राहावं तर वही जाणार.

तेवढ्यात गोपिका उभी राहिली. वर्षभरात ही पोर वर्गात एक शब्द बोलली नव्हती.

"सर, संत्र्याले दहाच फोडी असतात, असं मी लिवलं होतं. दुपारच्या प्रेमलतानं ते खोडून 'फोडी सारख्या नसतात' असं लिवलं. यात ते नाही."

साहेबांनी विचारलं, ही प्रेमलता कोण? गोपिका म्हणाली, तिला कधी पाहिलेलं नाही. मग न पाहिलेल्या मुलीचं ऐकलंस कसं, साहेबांना हसू आलं.

"ऐकलं नाही, सर. घरची सात संत्री सोलून पाह्यली. कोणाले नऊ, कोणाले बारा. माय लय रागावली. पण प्रेमलताचं खरं निघालं."

मग काय विचारता! एकेक मुलगी उठून आपण कुठे चुकलो ते सांगू लागली, जसं काही बक्षीसच वाटून राहिले होते. साहेबांनी पेन मिटलं आणि खोडलेली वही मागितली. कुसुमताईंना इतकं भरून आलं होतं की कपाटाला किल्ली लागेना. शेवटी वामनरावांनीच कपाट उघडलं आणि वही दोन्ही हातांनी साहेबांपुढे ठेवली.