हाडाचं वय

त्या वर्षी मे महिन्यात डिंभ्याच्या धरणाचं पाणी इतकं खाली गेलं, की बुडालेल्या गावाचे चौथरे उघडे पडले. तिथल्याच गाळात मासे धरणाऱ्यांना माणसाची हाडं सापडली. त्यांच्यावर कपड्याची चिंधीसुद्धा उरलेली नव्हती. जुन्या मसणवटीतली असतील, असं म्हणून गाव आपापल्या कामाला लागलं. ठकूबाई मात्र, पोलिसांनी ती हाडं तपासायला पाठवल्याचं कळताच, पहिल्या एसटीनं घोडेगावच्या पोलीस ठाण्यात हजर झाली.

एकवीस वर्षांपूर्वी तिचा नवरा जानकू बाजाराला म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. गावातल्या गेणभाऊंनी त्याला मंचरच्या स्टँडवर एका बाईबरोबर पाहिल्याचं छातीठोकपणे सांगितलं. या गेणभाऊंना शेजाऱ्याची म्हैस आपली वाटायची, पण अशी बातमी ऐकताना कोण कुणाची नजर तपासतो? जानकू पळाला, हे गावानं ठरवून टाकलं. ठकूबाईच्या पदरात तेव्हा दहा महिन्यांची लेक संस्कृती होती. "आमचं मालक पळणाऱ्यातलं न्हाईत," एवढंच ती सांगत राहिली आणि बायका तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. आता ही हाडं जानकूची निघाली, तर तो बायकोला टाकून गेला नव्हता हे सिद्ध होणार होतं. तिला तेवढंच हवं होतं, आणि ते काही थोडं नव्हतं.

हवालदारानं बेपत्ता माणसांचं जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि मान हलवली. "बाई, नोंदीत वय छत्तीस हाय. पुण्याच्या मॅडम म्हणत्यात, हाडं पंचविशीच्या आसपासची. ह्यो तुमचा माणूस न्हाई."

"त्या मॅडम कुठं हायेत?"

मॅडम सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत होत्या. डॉक्टर अश्विनी, मूळच्या जुन्नरकडच्या. हाडांवरून माणूस ओळखणं हे त्यांचं काम. ठकूबाई तिथं पोचली, तर तिचा दीर गोरख तिच्याही आधी दारात उभा होता. वहिनी ठाण्यात गेल्याचं कळल्यावर त्यानं मोटरसायकल अशी हाणली होती, की एका पायातली चप्पल वाटेतच राहिली होती.

अश्विनीनं तिला बसवलं आणि स्वतःच्या गळ्याखाली बोट टेकवलं. "मावशी, हे गळ्याजवळचं हाड बघा. याचं आतलं टोक सगळ्यात शेवटी पक्कं जोडलं जातं, पार तिशीच्या आसपास. सापडलेल्या हाडाचं टोक अजून पुरतं जोडलेलं नाही. हा माणूस छत्तिशीचा असूच शकत नाही."

छत्तीस हे वय कुठून आलं, ते ठकूबाईला पक्कं ठाऊक होतं.

धरणाच्या वेळी साहेब लोक घरोघर माणसं मोजत फिरले. सज्ञान मुलगा असेल तर त्याचं कुटुंब वेगळं धरायचे आणि त्याला वेगळी जमीन मिळायची. तिचे सासरे भिमाजी भलते हुशार. त्यांनी सात वर्षांच्या जानकूला कागदावर अठराचा केला आणि मोजणीच्या दिवशी पोराला आहुप्याला आत्याकडे धाडून दिलं. साहेबानं विचारलं, तर म्हणे, "पोरगा हिरडा गोळा कराया गेलाय, कामाचा गडी हाय." गावातल्या आणखी दोनचार बापांची पोरंही त्या दिवशी अशीच अचानक कामाची झाली होती. पुढचे सगळे कागद त्या अठरावरच चढत गेले. मिळालेली अडीच एकर आज गोरख कसत होता.

"वैनी, चला घरी," गोरख कानाशी पुटपुटला. "जमीन जाईल. त्वांड उघडू नका."

त्या जमिनीतले दाणे ठकूबाईनंही खाल्ले होते. तिला भीती वाटली नाही असं नाही. पण गोरखकडे बघता बघता तिला त्या भीतीचाच राग आला.

"गेली तर जाऊ द्या भावजी. मोलानं जाईन मी. पर मालकांवरचा डाग आज न्हाई निघाला, तर कवाच निघायचा न्हाई."

आणि मोजणीपासून आत्यापर्यंत सगळं तिनं सांगून टाकलं. वर म्हणाली, "लिवा, मी अंगठा देते. खरं वय पंचवीस व्हतं."

अश्विनीला हसूच फुटलं. "अहो मावशी, आमच्याकडेही हेच! माझे थोरले काका कागदावर माझ्या आजोबांपेक्षा तेरा वर्षांनीच लहान आहेत." मग ती एकदम गंभीर झाली. "त्यांचं कधी काही मोडलं होतं का?" काय आणि कुठे, ते तिनं मुद्दामच विचारलं नाही.

"डावा हात. लग्नाआधी हिरड्याच्या झाडावरनं पडलं व्हतं. वैदूनं कामट्या बांधल्या, पर वाकडाच बसला. वंजळ जुळायची न्हाई त्यांची. पानी प्यायला बसलं की निम्मं गळून जायचं."

अश्विनीनं टेबलावरच्या ट्रेमधून डाव्या हाताची, मनगटाच्या वरची दोन हाडं उचलली आणि ठकूबाईसमोर धरली. दोन्ही मधोमध मोडून वाकडी सांधलेली होती.

"हा अजून पुरावा नाही हं," ती हळूच म्हणाली. "लेकीचं रक्त द्या. सापडलेल्या दातातल्या डीएनएशी ताडून बघू."

तीन महिन्यांनी अहवाल आला. हाडं संस्कृतीच्या बापाचीच होती. त्यांच्यावर मारहाणीची खूण नव्हती. एसटी चुकली असेल आणि तो पाण्यातून आडवा निघताना बुडाला असेल, असं पोलिसांचं मत पडलं. जमिनीची नोटीस अजून आलेली नव्हती. गोरखनं मात्र बोलणं टाकलं होतं.

पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी घेऊन मायलेकी जीपमध्ये बसल्या. संस्कृती पेटीवरची नाव-वयाची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होती.

"आई, बाबा माझ्याहून तीनच वर्षांनी मोठं गं."

ठकूबाईला हसू आलं आणि रडूही. इतकी वर्षं मनात ती त्याला आपल्याबरोबर म्हातारा करत आली होती.

ड्रायव्हर जीप बाहेरच्या रस्त्यानं थेट मसणवटीकडे नेणार होता. ठकूबाईनं वेशीपाशीच थांबवली, पेटी डोक्यावर घेतली आणि गावाच्या मधल्या रस्त्यानं चालू लागली. लेक मागोमाग. ओट्यावरची माणसं एकेक करून उठली. गेणभाऊंनी टोपी काढली. चावडीसमोर ठकूबाई उभी राहिली. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तिकडच्या बायका काढतच नाहीत.

"जानकू भिमाजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वय वर्षं पंचवीस. कुठंबी पळून गेलं नव्हतं."