उमाकांतचं उत्तर

बसवनगुडीतल्या एका स्टुडिओत हेमलता एका कन्नड मालिकेच्या नायिकेला मराठी आवाज द्यायची. त्या दिवशीच्या प्रसंगात सासू जिन्यावरून पडते, घरचे सुनेला दोष देतात आणि सून नवऱ्याला म्हणते, "तुम्ही तरी म्हणा, माझी चूक नव्हती." एवढंच वाक्य, पण हेमलताचा आवाज दर वेळी अर्ध्यावरच विरायचा. शेवटी काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला गुरुप्रसाद म्हणाला, "अक्का, स्वल्प पाणी प्या." पाणी पिऊन तिने डोळे मिटले आणि ओठ जुळतात की नाही हे न बघताच वाक्य म्हणून टाकलं. ते नेमकं बसलं.

एकोणीस वर्षांपूर्वी तिची तीन वर्षांची ईरा अंगणातल्या, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत पडून गेली. झाकण उघडं होतं आणि हेमलताचा आत डोळा लागला होता. "आईचंच लक्ष नव्हतं," सासूबाई म्हणाल्या, मग धाकट्या दिरापासून सगळेच म्हणू लागले. झाकण आपणच उघडं टाकलं असेल, असं हळूहळू तिलाही वाटायला लागलं. उमाकांत मात्र चकार शब्द बोलला नाही. कधी टोचून बोलला नाही, की बाजूही घेतली नाही. तिच्या आजारपणात तो महिनाभर उशाशी बसून होता. नवरा असावा तर असा, असं लोक म्हणत. त्यांनी घर बदललं, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. तरी इमारतीत पाणी सुटलं की तिचे हात जागच्या जागी थांबत.

पंधरा दिवसांनी तो भाग लागला. निवृत्त झाल्यापासून उमाकांत रोज साडेसातला मालिकेसमोर बसायचा. हेमलता आत मेथी निवडत होती. बाहेरून तिचाच आवाज आला, "तुम्ही तरी म्हणा, माझी चूक नव्हती."

"नव्हती गं," उमाकांत हलकेच म्हणाला. "तुझी नव्हती."

ती बाहेर आली. तो टीव्हीकडे बघूनच बोलत होता. तिने टीव्ही बंद केला.

"आता मला सांगा."

तो काळ्या पडद्याकडेच बघत म्हणाला, "झाकण मी उघडलं होतं. पाणी किती आलंय ते बघायला. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला."

"तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

"आई मला बोलत होत्या तेव्हाही?"

"भीती वाटली, हेमा. तू सोडून गेली असतीस."

ती खुर्चीवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. "पद्माकर भावजींना फोन लावा," ती म्हणाली. "माझ्यासमोर सांगा."

पुण्याला धाकट्या भावाला फोन लावून त्याने सगळं सांगितलं.  पद्माकरने विचारलं, "वहिनी आहेत का तिथे?"

"आहे," हेमलता म्हणाली.

ती कुठेही गेली नाही. चार दिवस दोघं गरजेपुरतं बोलत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी चहा देताना तिच्या मनात आलं, ईराला शेवटचं बघितलेला माणूस कदाचित हाच, समोर बसलाय, आणि इतकी वर्षं आपण त्याला काहीच विचारलेलं नाही.

"झाकण उघडलंत तेव्हा ती तुमच्याजवळ होती का?"

उमाकांतने कप खाली ठेवला. "टाकीशीच उभी होती. म्हणाली, बाबा, मला पण बघू दे."

"मग?"

"मी म्हटलं, थांब, आलोच."