पाडायच्या घराची मापं

नेरमीनबाई इस्तंबूलच्या विद्यापीठात शहरांचा इतिहास शिकवायच्या. जुनी लाकडी घरं पाडून लोकांनी सिमेंटचे खोके उभारले, हे सांगताना दरवर्षी त्यांचा आवाज चढायचा. स्वतः मात्र त्या तसल्याच एका खोक्यात राहत, वडिलांनी बांधलेल्या. भूकंपात ही इमारत टिकणार नाही, असा तपासणीचा निकाल आला आणि सगळे बिऱ्हाडकरू शेजारच्या रिफ्कींकडे चहाला जमले. पाडायला सगळे तयार होते. बाई तेवढ्या गप्प.

"अहो बाई, जन्मभर असल्या इमारतींना शिव्या घातल्यात," रिफ्की हसले, "आणि आता दातखीळ बसली?"

चहा तसाच टाकून बाई उठल्या, जिना उतरल्या, पुन्हा चढल्या. कठड्याला हात लागला की आई आठवे. भिंतीतली भेग दिसली की तपासणीचा निकाल. पाडणंच शहाणपणाचं, हे पटत होतं, तरी पाय एका जागी ठरेना. शेवटी त्यांनी घरातून टेप आणली आणि जिना मोजायला घेतला.

रिफ्की बाहेर आले. "पाडायच्या घराची मापं कशाला?"

"इथलं लाकडी घर माझ्या बाबांनीच पाडलं. ते कसं होतं, हे आज मला कुणीच सांगू शकत नाही."

रिफ्कींनी टेपचं दुसरं टोक धरलं. "म्हणजे होकार समजू?"

"हो. पण माझं मोजून होईपर्यंत घाई करू नका," म्हणत बाई वरच्या मजल्याकडे धावल्यासुद्धा.