अकराव्या तळघरात

मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. "नो वरीज मेट, पुढचं येईलच," म्हणणाऱ्या मॅनेजरने नंतर फोनही उचलला नाही. मरो तो! आणि मग चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कॉम्प्युटरवरच्या एका गेमचा नाद लागला. जुन्या ऑफिसातल्या निमिषने पाठवला होता. रोगलाइक म्हणतात त्याला. एकाखाली एक तळघरं उतरत जायचं, जीव एकच. मेलात की सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी मला उंदराने मारलं. उंदराने! इतका भडकलो की लगेच परत उतरलो.

खरं सांगू? प्रेमातच पडलो. नोकरीसाठी अर्ज केले तर कुत्रं विचारत नव्हतं. इथे निदान कशाने मेलो ते तरी लिहून यायचं. शिवाय मी बटण दाबेपर्यंत राक्षससुद्धा जागचा हलायचा नाही. चहा प्या, विचार करा.

माझ्या बायकोला, लीनाला, मात्र थांबायला वेळ नव्हता. तिला मेलबर्नला नोकरी लागली होती.

"चंद्रहास, तिथे पॉइंट कुकला घर दोघांचं घेऊ की एकटीचं? शनिवारपर्यंत सांग," ती म्हणाली. "इथे या गुंगालिनच्या घरात बसून तू कुजतोयस."

मला जायचं होतं हो. पण बायकोच्या पगारावर, तिच्यामागून बॅगा ओढत? जीभच रेटेना. "सांगतो," असं रोज म्हणत राहिलो.

शनिवारी सकाळी तिने गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला, सामान भरलं. मी अकराव्या तळघरात होतो, पहिल्यांदाच इतका खोल. ती दारात आली.

"ठरलं का?"

"एक मिनिट गं," मी मान वर न करता म्हणालो.

तिने खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. मग म्हणाली, "जाते."

"हं. सावकाश चालव."

दोन चाली खेळलो आणि मग तिचा शब्द लक्षात आला. आमच्या घरात 'जाते' कुणी म्हणत नाही. कोपऱ्यावर दूध आणायला निघाली तरी लीना 'येते' म्हणायची. एकवीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

अनवाणीच बाहेर धावलो. गाडी गेली होती. फोन लावला.

"तू 'जाते' म्हणालीस."

"हो."

"चुकून ना गं?"

"नाही रे," ती शांतपणे म्हणाली. "सकाळी चहा करतानाच ठरवलं होतं. तू 'एक मिनिट' म्हणालास, तर तसं म्हणायचं."