मीठुं पाणी

नवा पिवळा टँग मासा खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडला आणि जुन्या जांभळ्याने त्याच्यावर झडपच घातली. या जातीच्या माशाला शेपटीच्या मुळाशी एक काटा असतो, वस्तऱ्यासारखा धारदार. जांभळ्याने अंग वाकवून शेपटी फिरवली. पिवळ्याच्या कुशीत चीर पडली. दुसऱ्या फटक्याला खवले उडाले.

"अहो, काढा ना त्याला," नीरा म्हणाली.

तिचा नवरा इंद्रनील सोफ्यावर पाय पसरून मजा बघत होता. "रुळेल," तो म्हणाला. "तू नाही रुळलीस?"

रुळली होती खरी. मिरजेहून लग्न होऊन ती बडोद्याला आली आणि वासणा भागातल्या या फ्लॅटमध्ये पहिली थप्पड खाल्ली, ती भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून. पुढेपुढे कारणही लागेनासं झालं. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. कुणी विचारलंच तर बाथरूममध्ये पाय घसरला, असं ती सांगे. मारहाण सुरू झाली की सासूबाई, म्हणजे येसूबाई, आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवत. घराणं पडलं जुन्या संस्थानी अधिकाऱ्यांचं, शेजारी ऐकू जायला नको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

अलकापुरीतल्या शोभेचे मासे विकणाऱ्याने तिला फोनवर एक युक्ती सांगितली. टाकीला बाहेरून आरसा लावा, आणि जे काय कराल ते सावकाश करा. या माशांना एकदम काही सोसत नाही. नीराने आपल्या कपाटाचा आरसा काढून लावला. जांभळा आरशातल्या जांभळ्याशी दिवसभर भांडू लागला, काचेवर तोंड आपटून घेऊ लागला. एवढ्या समुद्रात हिंडणारा प्राणी हॉलमधल्या पेटीत कोंडल्यावर दुसरं काय करणार? पण पिवळ्याची जखम भरली. सकाळी ती शेवाळाची पट्टी घेऊन गेली की तो थेट तिच्या बोटांशी येई. या घरात आपल्याला पाहून कुणीतरी जवळ येतं, याचं तिला रडूच यायचं. हा जगला पाहिजे, एवढं एकच तिने मनाशी धरलं.

मे महिन्यात इंद्रनील कंपनीच्या कामाने जामनगरला गेला. पाणी गार राहावं म्हणून टाकीवर पंखा लावलेला होता, त्याने पाणी भराभर उडून टाकीतली पातळी उतरत होती. काय करू, असं तिने फोनवर विचारलं. इंद्रनील घराबाहेर गुजरातीच बोले, त्यातून भोवती ऑफिसची माणसं होती.

"रोज मीठुं पाणी नाखजे," तो म्हणाला.

"मीठुं ना?"

"हा, मीठुं. एटलुं पण नथी समजातुं?" एवढंही हिला समजत नाही म्हणून मागे कुणीतरी हसलं आणि फोन बंद झाला.

नाखजे म्हणजे टाकत जा, मीठुं म्हणजे मीठ. इतकी वर्षं वाण्याकडे ती याच शब्दाने मिठाची पुडी मागत आली होती. तिने माळ्यावरची समुद्री मिठाची बादली उतरवली आणि रोज मीठ कालवलेलं पाणी टाकीत ओतू लागली. अगदी मापाने, कारण चुकलं तर काय होतं ते तिचं अंग जाणून होतं. काचेच्या कडांवर पांढरा थर चढला. मासे धापा टाकू लागले. भीत भीत तिने पुन्हा फोन केला, तर सांगितलंय तेवढं कर, अशी बोलणी खाल्ली. मग तिने तेवढंच केलं.

इंद्रनील परत आला त्या सकाळी जांभळा तळाशी मरून पडला होता. पिवळा एका कुशीवर कलंडला होता, कल्ले तेवढे हलत होते. आता आरशाचं काम उरलं नव्हतं, म्हणून नीरा तो काढत होती. इंद्रनीलने पाण्याचा खारेपणा मोजला आणि वळला.

"मीठ घातलंस?"

"तुम्हीच म्हणालात. मीठुं पाणी."

"मीठुं पाणी म्हणजे गोडं पाणी, अडाणी. पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं. त्यात आणखी मीठ?"

थप्पड बसली. आत टीव्हीचा आवाज वाढला. मग त्याने मूठ उगारली. एरवी नीरा डोळे मिटून घेई. आज हातात आरसा होता, तोच तिने तोंडासमोर धरला. डावा हात खांद्याच्या वर गेला. कळ आली, तरी गेला.

मूठ आरशात शिरली. काचा खळ्ळकन फरशीवर पडल्या, त्याच्या मनगटातून रक्ताची धार लागली. तो मटकन खाली बसला.

"नीरा, कापड आण. रक्त बघ किती जातंय."

नीरा स्वयंपाकघरात गेली आणि पिण्याच्या पाण्याचा तांब्या भरून घेऊन आली. एकदम ओतलं तर उरलेला मासाही जाणार. ती टाकीपाशी उभी राहून बारीक धारेने पाणी सोडू लागली.

"दाबून धरा," ती मागे न बघता म्हणाली. "आधी याचं बघते."

टीव्ही बंद झाला. येसूबाई दारात आल्या. इंद्रनीलने "आई" म्हणून रक्ताळलेला हात पुढे केला. त्यांनी तो पाहिला, सुनेच्या गालावर उमटलेली बोटं पाहिली आणि आत गेल्या.

परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरा तांब्या होता. काचा चुकवत, मुलाला वळसा घालून त्या टाकीपाशी आल्या आणि नीराच्या हातातला रिकामा तांब्या काढून घेऊन भरलेला दिला.