चौथी झोप

दुपारचे चार वाजायला आले की सासूबाईंच्या, म्हणजे शिगेंच्या, पायांना घर पुरेनासं होई. नोरिएला ते घड्याळ न बघताही कळायचं. आधी त्या मांडीवरचं फडकं घडी करून बाजूला ठेवत. मग केसांना रुमाल बांधत, ॲप्रनची गाठ मागे न बघता मारत आणि टोपली शोधायला लागत. टोपली गेली तीस वर्षं घरात नव्हती.

"पाला संपला असेल गं," शिगे म्हणायच्या. "बाळराजे उपाशी असतील."

बाळराजे म्हणजे रेशमाचे किडे. पण जपानच्या या भागात त्यांना किडे कोणी म्हटलं नाही. नोरिए बावीस वर्षांची असताना लग्न होऊन या घरात आली. पहिल्याच वसंतात तिच्या तोंडून तो शब्द निसटला, तेव्हा सासूबाईंनी हातातली पानं खाली ठेवली होती. "घरच्यांना किडे म्हणतात का, सूनबाई? आपण त्यांच्या घरात राहतो, ते आपल्या नाही." आणि ते खरंच होतं. हंगामात चांगल्या खोल्या बाळराजांच्या, शेगडीची ऊबही त्यांचीच. माणसं स्वयंपाकघरात, ओसरीत, जिथे जागा मिळेल तिथे कुशीवर निजत.

आता ते घरही नव्हतं. ते पाडून त्या जागी हे लहानसं, पांढऱ्या भिंतींचं घर बांधलं होतं. नोरिएचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून या घरात दोघीच. एक अठ्ठ्याऐंशीची, एक त्रेसष्टची.

एप्रिलमध्ये सासूबाई हमरस्त्याच्या मधोमध सापडल्या. ट्रकवाल्याने ट्रक आडवा घालून गाड्या थांबवल्या आणि त्यांना बाजूला बसवून स्वतःचा चहा पाजला. दुसऱ्याच दिवशी गावाच्या कचेरीतून मोगी आले. वृद्धांची देखभाल त्यांच्याकडे होती. मनाने मऊ माणूस, पण हातात कागद असला की कागदासारखा बोलायचा.

"नोरिएसान, पुन्हा एकदा असं झालं तर मला नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात जागा बघावी लागेल."

"बघा की. तुम्हाला कुठे राहायचंय तिथे?"

मोगींनी बाहेर जाऊन गाडीतून एक यंत्र उतरवून आणलं. कमरेएवढं उंच, दुधासारखं पांढरं, खाली दोन चाकं, वर गोल डोकं आणि त्यात दोन दिवे. तीन आठवडे वापरून बघायचं. ते दाराशी, जोडे काढायच्या जागेजवळ उभं राहील. आजी बाहेर निघाल्या की त्यांच्याशी बोलेल, त्यांना थोपवेल. नाही ऐकलं तर नोरिएच्या फोनवर घंटी वाजवेल.

शिगेंनी ते पाहिलं आणि रुमाल काढून हातात घेतला. कमरेत वाकल्या. "या साहेब, किती दिवसांनी आलात."

नोरिएला क्षणभर कळेना. मग एकदम आठवलं. रेशीम सोसायटीचे साहेब. हंगामात सायकलवरून घरोघर फिरायचे. अंगात पांढरा कोट, खिशात तापमापक. खोलीत किती ऊब हवी, पानं ओली की कोरडी, खिडकी किती उघडायची, सगळं सांगायचे. साऱ्या गावाला सुनावणाऱ्या सासूबाई त्या एका माणसापुढे मान हलवायच्या.

"चहा टाक गं," शिगे म्हणाल्या. "साहेब उभे आहेत."

यंत्रापुढे चहा ठेवला. तो निवला. तो नोरिए प्यायली.

दुसऱ्या दिवशी नोरिए मागच्या अंगणात गाद्या वाळत घालत होती. फोन कमरेला होता. तो वाजला नाही. आत येऊन बघते तर उंबऱ्यापाशी जोड्यांची जागा रिकामी, आणि यंत्र दिवे मिचकावत शांत उभं.

चाळीस मिनिटांनी त्या सापडल्या. खालच्या रानात, जिथे पूर्वी घराचं तुतीचं शेत होतं. तिथे आता उन्हावर वीज करणाऱ्या काळ्या पाट्या उभ्या आहेत. तुतीच्या ओळी जशा होत्या तशाच सरळ, अगदी त्याच उतारावर. शिगे दोन ओळींमधून सावकाश चालत होत्या. हात पुढे करून एकेका पाटीची कड चाचपत होत्या आणि पुढे जात होत्या.

"यंदा पानच नाही गं," त्या म्हणाल्या. "एकही नाही."

त्यांचे हात गार पडले होते. नोरिएने ते आपल्या काखेत धरले आणि तशीच त्यांना घेऊन घरी आली.

मोगी आले आणि यंत्राच्या पोटातलं बोलणं ऐकलं. यंत्राने विचारलं होतं, "कुठे निघालात?" शिगे म्हणाल्या होत्या, "हे काय, इथेच जरा." आणि यंत्र म्हणालं होतं, "बरं. सांभाळून जा, लवकर या."

नोरिए इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मोगींनी विचारलं.

"अहो, गल्लीत कोणी भेटलं की आपण काय म्हणतो? कुठे निघालात. आणि समोरचा काय म्हणतो? इथेच जरा. कोण कुठे चाललंय याच्याशी कोणाला काय करायचंय? नमस्कारच तो. आई नमस्काराला नमस्कार करून गेल्या. तुमचं यंत्र शिष्टाचारात पास झालं हो."

मोगी कान खाजवत राहिले. यंत्र बनवणाऱ्या टोकियोतल्या मुलांनी त्याला शिकवलं होतं, की माणूस शांतपणे उत्तर देत असेल तर काळजीचं कारण नाही. "आजचं मी यंत्राच्या नावावर टाकतो," ते म्हणाले. "यापुढचं मात्र तुमच्या. दारात त्याने काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्याच शब्दांत भरता येतं."

संध्याकाळभर नोरिए यंत्रासमोर बसली. दार बंद आहे म्हणावं, तर सासूबाई दार उघडतील. थंडी आहे म्हणावं, तर त्या स्वेटर घालतील. बाळराजे उपाशी असताना कोणत्या बाईला थंडीने अडवलं होतं? मग तिला त्या घरातली एक दुपार आठवली. चहूकडे माणसं, पण आवाज नाही. टोपल्या भिंतीला टेकवलेल्या. परातींमध्ये हजारो बाळराजे मान वर करून, जणू कान देऊन, हलेनासे झालेले. ते चार वेळा झोपतात. झोपेत खात नाहीत, अंगाला हात लावू देत नाहीत, आणि त्या वेळी पाला आणायला कोणी जात नाही. त्या पहिल्या वर्षी चौथ्या झोपेच्या दुपारी सासूबाईंनी तिला खुणेने मागच्या दाराशी बोलावलं आणि मिसोची खारटगोड चटणी माखून भाजलेला एक मांजू, मऊ पावाचा गोळा, तिच्या हातात दिला होता. "खा इथेच. उद्यापासून वेळ मिळायचा नाही. दिसू देऊ नकोस कोणाला." त्यांनी दिलेली ती पहिली माया. गरम होती, बोटांना चिकटली होती.

नोरिए यंत्राजवळ वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "झोपलेत. चौथी झोप आहे. आज पाला नको."

दुसऱ्या दिवशी चार वाजता यंत्र ते बोललं. शिगेंचा पाय चपलेत गेला होता, तो बाहेर आला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हो का साहेब? मला मेलीला कळलंच नाही." आणि पावलं न वाजवता आत येऊन बसल्या. त्या संध्याकाळी त्या भरपूर जेवल्या आणि गुणगुणल्यासुद्धा. नोरिएने ते गाणं कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

*तुतीच्या फांदीला गं*
*दव लागे पानोपानी,*
*हळू खुड माझे बाई,*
*झोप मोडंल राजांची.*

पाच दिवस असे गेले. नोरिए गाद्या वाळत घालून आली, बाजारात जाऊन आली, एकदा तर दुपारी डोळा लागला तिचा. सुटले, असं तिला वाटलं.

सहाव्या दिवशी यंत्राने तेच सांगितलं, आणि शिगे चपलेपाशी उभ्याच राहिल्या. कालचा दिवस त्यांना आठवत नव्हता, सकाळ आठवत नव्हती. पण अंगात कुठेतरी दिवस मोजले जात होते. त्या भिंतीला हात लावत खाली बसल्या.

"नोरिए, इतकं कोण झोपतं?"

"उठतील हो आई."

"मला फसवू नकोस. ते झोपलेले नाहीत. साहेब सांगायला लाजतायत." त्यांचा आवाज बारीक झाला. "शेजारच्यांनी औषध फवारलं होतं का? वारा इकडचा होता का? त्या वर्षी पण आम्ही हेच म्हणत होतो, झोपलेत, झोपलेत. नंतर सासऱ्यांनी तुतीखाली खड्डा खणून सगळे पुरले."

त्या रात्रीचं जेवण त्यांनी बाजूला सारलं. सकाळीही भाताला हात लावला नाही. दुपारी चारला उठल्यासुद्धा नाहीत. दार, यंत्र, चपला, सगळं जिथल्या तिथे. नोरिएने फोनवर यंत्राची रोजची नोंद बघितली. त्या दिवसाच्या चौकटीत यंत्राने हिरवी खूण केली होती. आजी बाहेर गेल्या नाहीत. उत्तम दिवस.

नोरिए त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिली. मग तिने मोगींना फोन लावला.

"याला चालता येतं का?"

"कोणाला?"

"साहेबांना."

"येतं की. सोबत चालायची सोय आहे त्यात. पण फार हळू चालतं, म्हणून कोणी वापरत नाही. आणि नोरिएसान, प्रत्येक वेळी उंबरा ओलांडलेला मोजला जाईल. मला तो आकडा वर पाठवावा लागतो."

"मोजू दे."

"तुम्ही समजून घ्या, आश्रम..."

"मोगीसान, आमच्या घरात एक बाई सुतकात बसली आहे. कोणी न मरता. ते तुमच्या कागदात कुठे लिहायचं?"

मग मोगींनी कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते सांगितलं.

नोरिएने भांड्यांच्या दुकानातून बांबूची टोपली आणली. चारला ती सासूबाईंच्या अंथरुणाशी बसली. यंत्रात आता नवे शब्द भरले होते. ते दारातून म्हणालं, "उठले. चौथ्या झोपेतून उठले. पाला लागेल."

शिगेंनी डोळे उघडले. कोणाकडेही न बघता रुमाल मागितला.

"उठले ना? मग बसलीस काय अशी? थोरली जाग आहे ही, आता आठ दिवस श्वास घ्यायला मिळायचा नाही. तुझ्या माहेरी हेच शिकवलं का?"

"माहेरी चहाच्या बागा आहेत हो आमच्या."

"तरीच," शिगे म्हणाल्या.

तिघं निघाले. यंत्र पुढे, गोगलगायीच्या वेगाने. पण अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या पायांना तोच वेग बरोबर होता. हमरस्त्याच्या अलीकडेच नोरिएने वाट वळवली. पाटाच्या काठाला एक जुनी तुती उरली होती. कोणी छाटत नव्हतं, म्हणून झाडासारखी उंच गेलेली. शिगेंनी फांदी वाकवली. त्यांच्या हाताला काही विचारावं लागलं नाही. देठाला नख लागायचं, पान टोपलीत पडायचं. नोरिएची दोन पानं होईतो त्यांची मूठ भरायची.

"कोवळं नको," त्यांनी दटावलं. "कोवळं धाकट्यांना. आता दणकट पाहिजे."

घरी आल्यावर त्यांनी वर्तमानपत्रावर पानं पसरली आणि कान देऊन बसल्या. हजारो तोंडं पानं कुरतडतात तेव्हा पलीकडच्या घरात कोणी तांदूळ पाखडत असल्यासारखा आवाज येतो. नोरिएला काहीच ऐकू येत नव्हतं. शिगेंचा चेहरा मात्र सैल झाला. "खातायत," त्या म्हणाल्या, आणि भाताचा वाडगा पुढे ओढला.

सात दिवस हेच चाललं. रात्री सासूबाई झोपल्या की नोरिए कोमेजलेली पानं उचलायची. पहिल्या दिवशी ती फेकताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवसापासून ती पानं परसात नीट एका जागी ठेवू लागली. सातव्या दिवशी टोपली मांडीत धरून ती स्वतःच चार वाजायची वाट बघत होती.

आठव्या दिवशी शिगेंनी रुमाल बांधला नाही. वर्तमानपत्रावर राहिलेल्या चार पानांकडे वाकून बघितलं, एक पान उलटं केलं.

"बस झालं," त्या म्हणाल्या. "चढले. आता नाही खायचे."

पाल्यावरून मान काढून बाळराजे काड्यांवर चढतात आणि स्वतःभोवती सूत गुंडाळायला लागतात, ते दिवस. कोणी सांगितलं नव्हतं. यंत्राच्या पोटात ते वाक्यच नव्हतं.

तीन आठवडे भरले तेव्हा मोगी आले. ओसरीच्या कडेला बसून त्यांनी आकडा काढला. "आठ वेळा उंबरा ओलांडला," ते म्हणाले. "वरच्यांना आठ म्हणजे फार वाटतील."

"एकट्या किती वेळा?"

"एकदा."

"आणि ते कोणाच्या नावावर आहे?"

मोगींनी नकळत यंत्राकडे बघितलं. "आणि आता पुढे?"

"पुढे उन्हाळी पीक. मग शरदातलं. मग उशिरा शरदातलं. आमच्याकडे वर्षाला चार पिकं निघायची. पाटावरची तुती छाटू नका म्हणून कचेरीत सांगा तेवढं."

"तुम्हाला जमेल का हे? दर वेळी?"

नोरिए उत्तर देणार तेवढ्यात आतून शिगेंनी हात हलवला. "हळू बोला हो. सूत धरतायत. दचकले तर धागा तुटतो."

मोगींनी आवाज खाली आणला. कागदावर लिहायला लागले तर लेखणीसुद्धा हळू चालवत होते. यंत्र शरदापर्यंत राहू द्यावं. आश्रमाची चौकट त्यांनी कोरी ठेवली आणि सही केली.

त्यांना पोचवायला नोरिए उठली, पायात चपला सरकवल्या.

"तू कुठे?" शिगे कुजबुजल्या. "हे दिवस घर सोडायचे नसतात. माणूस जवळ लागतं त्यांना. बस इथे."

मोगींनी हातानेच राहू द्या म्हटलं आणि दार आवाज न करता लावून घेतलं. नोरिएने चपला काढल्या. सासूबाईंनी सरकून चटईवर जागा केली. तिथे त्यांच्या मांडीची ऊब होती. खोलीत काही नव्हतं, रिकामी टोपली आणि उतरतं ऊन. दोघी श्वास धरून त्याकडे बघत बसल्या.